लॅटिनची पारख

अमेरिकेंतील कांहीं हायस्कुलांत आजहि लॅटिन शिकविली जाते, हें ऐकून पुष्कळ श्रोत्यांस नवल वाटेल. जी भाषा कोणाच्याच घरांत बोलली जात नाहीं, ती विद्यार्थ्यास कितपत अवगत झाली हें ठरवावयाचें तरी कसें? 'बोलून दाखव' म्हणून भागत नाहीं. संस्कृतच्या शिक्षकांपुढेंहि हाच प्रश्न असतो. म्हणून त्या मुलखांतील परीक्षेची हकीकत आपल्याकडे अगदींच परकी वाटूं नये.

शाळेंत कांहीं वर्षें लॅटिन केलेला विद्यार्थी 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नांवाच्या परीक्षेस बसतो. कॉलेज बोर्ड ही संस्था ती दरवर्षीं मे महिन्यांत घेते. निकाल एक ते पांच या अंकांत लागतो. तीन किंवा त्याहून अधिक अंक मिळाल्यास पुष्कळ कॉलेजें तेवढा अभ्यास झाल्याचें मानतात. तिकडील कॉलेजांची फी पाहतां ही सवलत लहान नव्हे.

इ. स. २००९ पर्यंत या विषयाच्या दोन परीक्षा होत्या. पैकीं व्हर्जिलची तेवढी राहिली. २०१२-१३ पासून व्हर्जिलच्या 'ईनिड' काव्याच्या जोडीस सीझरचें गॉलच्या युद्धाचें वर्णन आलें, आणि २०२५-२६ पासून सीझरच्या जागीं धाकट्या प्लिनीचीं पत्रें नेमलीं गेलीं. हा बदल चांगलाच म्हटला पाहिजे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसचा स्फोट झाला, त्यांत प्लिनीचा मामा दगावला. तें पत्र वाचतांना मुलास व्याकरणाचा शीण वाटत नाहीं.

परीक्षेचा खरा कस भाषांतरांत लागतो. तेथें सुंदर भाषांतर नको असतें, शब्दशः हवें असतें. २०२५ पर्यंतच्या पद्धतींत दिलेल्या उताऱ्याचे पंधरा तुकडे पाडीत व प्रत्येक तुकड्यास एक गुण ठेवीत. 'उर्बे काप्ता' हे दोनच शब्द घ्या. आपल्या सति सप्तमीसारखीच ही रचना. अर्थ, 'नगर जिंकलें गेलें असतां'. मुलानें 'नगर जिंकलें जात असतां' असें लिहिलें, तर काळ चुकला. मात्र नुकसान तेवढ्याच तुकड्याचें. पुढील वाक्य बरोबर असल्यास त्याचे गुण सुरक्षित. जून महिन्यांत परीक्षक जमतात, नमुन्याच्या उत्तरपत्रिकांवर आधीं हात बसवितात आणि मगच तपासणीस लागतात. हजारों मुलांस एकच माप लावावयाचें, तर याहून न्याय्य तोड सांपडणें कठीण.

तथापि या मापावर आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाहीं. नेमलेले उतारे ठरलेले असल्यानें एखादा हुशार मुलगा त्यांचें इंग्रजीच पाठ करतो. त्याला लॅटिन आली कीं स्मरणशक्ति दांडगी आहे, हें कागद पाहून कसें कळावें? आपल्याकडे गाइडावर संस्कृतचा पेपर सोडविणाऱ्यांची जात अपरिचित नाहीं! निबंधांत थोडा बंदोबस्त आहे: जें विधान करावयाचें त्यास मूळ लॅटिन शब्दांचा आधार दिला पाहिजे, व त्या शब्दांचा अर्थहि उलगडून दाखविला पाहिजे.

पण खरी परीक्षा अपठित उताऱ्यांची. २०२५ पर्यंत पर्यायी उत्तरांच्या पन्नास प्रश्नांस एक तास असे, व त्यांतले निम्म्याहून अधिक प्रश्न कधीं न पाहिलेल्या उताऱ्यांवर असत. तेथें पाठांतर उपयोगी पडत नाहीं. लॅटिनमध्यें शब्दांचा क्रम मोकळा. 'पुएल्ला' म्हणजे मुलगी, 'पुएल्लाम्' म्हणजे मुलीला. कन्या आणि कन्याम् यांचेंच जणूं भावंड. तो शेवटचा 'म्' नजरेआड झाला, कीं मुलीनें शेतकऱ्यास पाहिलें कीं शेतकऱ्यानें मुलीस, याचा पत्ता लागत नाहीं. तयारीचा विद्यार्थी शब्दांच्या ओळीवर विसंबत नाहीं. तो क्रियापद शोधतो, बहुधा तें वाक्याच्या अखेरीस दडलेलें असतें. मग प्रत्यय चांचपीत कर्ता धरतो, कर्म धरतो, आणि घड्याळाकडे एकवार पाहून पुढल्या ओळीस हात घालतो.