वाढीचे संप्रेरक आणि इस्ट्रोजेनची गोळी



घरातल्या घरातही दबल्या आवाजात बोलावे, अशी ज्या विषयाची आपल्याकडे रीत आहे, त्याच विषयावर आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत.

बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला, तर मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी कधी कधी निकामी होते. ग्लासगोच्या शीहान यांनी १९३७ साली या विकाराचे वर्णन केले. अशा स्त्रीस अंगावर दूध येत नाही, पाळी परत येत नाही, थकवा जात नाही. आणि घरची मंडळी ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून वर्षानुवर्षे स्वस्थ बसतात! तिच्या शरीरात इतर संप्रेरकांबरोबर वाढीचे संप्रेरक व इस्ट्रोजेन यांचीही उणीव असते, आणि ही दोन्ही बाहेरून देता येतात.

मात्र ही दोन औषधे परस्परांस अनोळखी नव्हेत. वाढीचे संप्रेरक आपले बरेचसे कार्य यकृताकडून करवून घेते. यकृत त्याच्या आज्ञेने आयजीएफ-१ नावाचा घटक रक्तात सोडते. तोंडावाटे घेतलेली इस्ट्रोजेनची गोळी आतड्यातून प्रथम यकृतातच जाते व तेथे ही आज्ञा मंद करते. त्वचेवर चिकटविण्याच्या पट्टीतील इस्ट्रोजेन मात्र थेट रक्तात मिसळते, त्यामुळे यकृतावर तसा भार पडत नाही. हा भेद सिडनीच्या संशोधकांनी १९९१ साली दाखवून दिला. म्हणून गोळी घेणाऱ्या स्त्रीस वाढीच्या संप्रेरकाची मात्रा अधिक लागते.

खरी मेख पुढेच आहे. गोळी बंद झाली, किंवा तिच्या जागी पट्टी आली, आणि सुईची मात्रा तीच राहिली, तर कालची योग्य मात्रा आज अतिरिक्त ठरते. पावले सुजतात, सांधे दुखतात, मनगटातील मज्जातंतू दाबला जाऊन बोटांना मुंग्या येतात, रक्तातील साखर चढते. सासूबाई त्यास वात म्हणतात व शेक देतात. उलट, गोळी नव्याने सुरू झाली की औषध लागू पडेनासे होते. संततिनियमनाच्या गोळीतही बहुधा इस्ट्रोजेन असते, हे येथे विसरता कामा नये.

अलीकडे काही व्यायामशाळांतून ‘पेप्टाइड’ विकली जातात. ती पीयूष ग्रंथीस डिवचून शरीराचेच वाढीचे संप्रेरक वाढवितात. त्यामुळे सूज, सांधेदुखी व साखर यांची भीती तेथेही आहे. त्यांपैकी टेसामोरेलिन यास अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली, तीही एचआयव्हीबाधितांच्या पोटावरील चरबीपुरतीच. आमच्या तरुणांनी दंड फुगविण्यासाठी ती टोचून घ्यावीत, हे आम्हांस मुळीच रुचत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञाने दिलेली चिठ्ठी पुष्कळ घरांत कपाटाच्या तळाशी जाते आणि संप्रेरकांच्या डॉक्टरांपुढे दुसरीच ठेवली जाते. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पिशवीत घेऊन जाव्या. गोळी सुरू केली, बंद केली वा बदलली, की ते डॉक्टरांस सांगून काही आठवड्यांनी आयजीएफ-१ पुन्हा तपासून घ्यावे. मात्रेत फेरफार त्यांनीच करावयाचा. घरच्या घरी नव्हे.