नग लिहिता, मग अवस्थाही लिहा



भाड्याच्या घरात राहत असाल आणि करार हाताशी असेल, तर त्याची शेवटची पानं उघडा. तिथे सामानाची यादी असते. पंखे ३, ट्यूबलाइट ४, गीझर १, पलंग २, कपाट १, सोफा १. वस्तूचं नाव आणि नग, बस्स. पलंगाची फळी मधोमध वाकली आहे, सोफ्याचा फोम बसलाय, कपाट खालून पाण्यानं फुगलंय, यातलं एक अक्षरही यादीत नसतं. घर सोडताना फर्निचरवरून डिपॉझिट अडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा याच यादीत असतं, असं माझं ठाम मत आहे.

लातूरहून पुण्यात नोकरीला आलेल्या दोन मुली फ्लॅट सोडत होत्या, तेव्हा मी तिथे होते. मालक निवृत्त शिक्षक, स्वभावानं सरळ. सामान तपासताना त्यांनी कपाटाचं दार ओढलं आणि ते एका बिजागरीवर लोंबायला लागलं. त्यांनी चार हजार कापून घेणार म्हणून सांगितलं.

‘काका, आम्ही आलो तेव्हापासूनच ते ढिलं होतं.’

‘अगं, मग तेव्हाच सांगायचं होतंस ना. आता मी कसं धरून चालू?’

खाली सोसायटीत कुणाकडे तरी सुताराचं काम चालू होतं, त्याला वर बोलावलं. त्यानं बिजागरी सोडवली. स्क्रूच्या भोकात आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या होत्या, वाळलेल्या फेविकॉलसकट. म्हणजे ते दार पूर्वीही निखळलं होतं आणि कुणीतरी वेळ मारून नेली होती. काकांना त्याचा पत्ता नव्हता; आधीच्या भाडेकरूनं गुपचूप केलेलं काम असावं. शेवटी दोन हजारांवर मिटलं. मुलींना ते दोन हजारही अन्यायाचे वाटले, आणि काकांना आपण फसलो असं वाटलं. चांगल्या माणसांमध्ये असा कडवटपणा यावा, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या कपाटाची जातच तशी होती. ‘फुल्ली फर्निश्ड’ म्हणून जादा भाडं लावता यावं यासाठी अनेक घरांत स्वस्तातलं पार्टिकल बोर्डचं फर्निचर टाकलेलं असतं. लाकडाचा भुसा आणि चुरा रेझिनमध्ये दाबून ही पाटी करतात, वरून सागवानासारखा दिसणारा कागद किंवा लॅमिनेट चिकटवतात. वरचा थर शाबूत आहे तोवर ठीक. पण कडेची पट्टी सुटली आणि फरशी पुसतानाचं पाणी किंवा पावसाळ्यातली ओल आत शिरली, की भुसा फुगतो आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. तिथे स्क्रू धरत नाही, जागच्या जागी फिरत राहतो. प्लायवूडमध्येही फरक असतो: आयएस ३०३ मधला एमआर दर्जाचा प्लाय दमटपणा सोसतो, पाणी नाही, पाण्याजवळच्या कामाला आयएस ७१० चा मरीन प्लाय लागतो. सिंकखालच्या कपाटाला पार्टिकल बोर्ड वापरलेला असेल, तर ते कुणीही राहिलं तरी सडणारच. त्याची भरपाई भाडेकरूकडून का घ्यायची?

आता कायद्याचं. आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो बहुधा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात भाडेपट्ट्यासाठी तत्त्व सांगितलंय, की जागा मिळाली त्या स्थितीत परत करावी, वाजवी झीज सोडून. लीव्ह अँड लायसन्सच्या करारांतही असं कलम सहसा घालतात. बसून बसून सोफा दबला, ती झीज. डायनिंग टेबलावर गरम कढई ठेवून डाग पाडला, ते नुकसान. पण ‘मिळाली त्या स्थितीत’ म्हणजे कोणत्या, हे लिहिलेलंच नसेल तर तुलना कशाशी करणार? २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित केलंय, पण राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आणि चार-पाच हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो?

म्हणून म्हणते, किल्ली घेण्याआधी अर्धा तास काढा. एजंट घाई करेल, करू दे. गाद्या उचलून शिवणीत ढेकूण आहेत का बघा. पलंगाखाली पिवळसर बारीक भुकटी साचली असेल तर लाकूड किडलंय. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, सिंकखाली हात फिरवा. मग नगाच्या पुढे लिहा: ‘कपाट १, डावं दार ढिलं, तळ फुगलेला.’ त्यावर दोघांच्या सह्या घ्या. मालकांनो, यात तुमचंही हित आहे. ओले टॉवेल कपाटाच्या दारावर वाळत घालणारी मुलं असतात, हे मला ठाऊक आहे. यादी नीट असेल तर त्यांना जाब विचारता येईल.

करार आधीच झाला असेल तर? आज रात्री फोटो काढा आणि मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. भाषा तक्रारीची नको. ‘काका, नोंदीसाठी पाठवतेय, दुरुस्तीचं कसं करायचं ते सांगा,’ एवढं पुरे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात येऊ शकतात, मात्र सोबत ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे नुसते स्क्रीनशॉट ठेवून भागणार नाही, मूळ संदेश फोनमध्ये राहू द्या. फोन बदललात तर चॅटचा बॅकअप घ्या, आणि डिपॉझिटची पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत त्यातलं काही पुसू नका.