दंतमुळाची भरणी : कोणती पद्धत श्रेयस्कर?
(व्याख्यानाचा संक्षेप)



बेज्जूर आज तेलंगणातील कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. २०१६ पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. प्राणहितेपलीकडे महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा. परंतु दाढ ठणकू लागली की दोन्ही तीरांवरील रीत एकच : आधी लवंग धरावयाची, मग गोळी घ्यावयाची आणि शेवटी दाढ उपटून टाकावयाची. पुष्कळदा ती दाढ वाचविता येते.

कीड दाताच्या गाभ्यातील मज्जेपर्यंत पोचली म्हणजे तीव्र वेदना सुरू होतात. दंतवैद्य ती मज्जा काढतात, बारीक कानशींनी मुळातील नलिका रुंद करतात, जंतुनाशक द्रावणाने धुतात आणि अखेरीस ती भरून बंद करतात. भरणीसाठी गटापर्चा हा वृक्षाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ वापरतात. अमेरिकेतील बोमन यांनी १८६७ मध्ये तो या कामी योजिला.

भरण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. पहिलीत गटापर्च्याचे थंड शंकू एकामागून एक बाजूस दाबून बसवितात. ही जुनी व कमी खर्चाची असून भरणीच्या लांबीवर ताबा चांगला राहतो. दुसरीत गटापर्चा उष्णतेने मऊ करून खाली दाबतात. शिल्डर यांनी १९६७ मध्ये ती मांडली. आडवळणाचे कानेकोपरे तीत चांगले भरतात, मात्र द्रव्य मुळाच्या टोकाबाहेर जाण्याचा संभव अधिक. तिसरीत एकच शंकू व नव्या प्रकारचे लुकण वापरतात. ती सोपी व जलद आहे, पण सारी भिस्त लुकणावर असते.

मग श्रेष्ठ कोणती? थंड व उष्ण पद्धतींची तुलना केली असता दीर्घकालीन यशात विशेष अंतर आढळलेले नाही. कणगीत किडके धान्य राहिले, तर वरून कितीही सुबक लिंपले तरी काय उपयोग? नलिकेची शुद्धी, घट्ट भरणी आणि दातावरील पक्के आवरण यांवरच यश अवलंबून असते.

खरा धोका निराळाच आहे. पहिल्या खेपेनंतर ठणका थांबतो. कापूसवेचणीचे दिवस असतात, कागजनगरपर्यंतचे भाडे पदरचे असते. रुग्ण पुन्हा जात नाही. तात्पुरते लुकण झिजते, जंतू पुन्हा शिरतात आणि वर्षभरात गाल सुजतो. केलेला खर्च वाया जाऊन दाढही जाते.

म्हणून दंतवैद्यांना पद्धतीचे नाव विचारण्यापूर्वी विचारा : खेपा किती, एकूण खर्च किती आणि आवरण केव्हा बसवावयाचे? शिक्षकांनी हे घरोघर सांगावे. दुखणे थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे, एवढे ध्यानी ठेविले तरी अनेक दाढा वाचतील.