हृदयाची लय आणि योग्य वैद्याची निवड
(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानाचा मजकूर)



सन १९५८. स्वीडनमधील स्टॉकहोम शहरी आर्ने लार्सन नावाचे ४३ वर्षांचे एक गृहस्थ मृत्यूच्या दारात उभे होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघणारा विद्युत्-संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचेनासा झाला होता. दिवसातून अनेक वेळा हृदय थबके आणि शुद्ध हरपे. त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांना कळले की, शल्यचिकित्सक ऑके सेनिंग आणि अभियंते रूने एल्मक्विस्ट हे पेसमेकरवर प्रयोग करीत आहेत. यंत्र मनुष्याच्या शरीरात बसविण्याजोगे अद्याप तयार नाही, असे उत्तर मिळाले. तरी बाईंनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसविला गेला. ते यंत्र काही तासांतच बंद पडले; लगेच दुसरे बसविण्यात आले. पुढे अनेक यंत्रे बदलत लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. त्यांना जीवदान देणारे सेनिंग व एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी निवर्तले होते.

एल्स-मारी डॉक्टर नव्हत्या. परंतु पतीचा आजार नेमका कोणता आणि त्याच कामात कोण गढले आहे, या दोन गोष्टी त्यांनी शोधून काढल्या. आज आपल्याकडे रुग्णालयांची वाण नाही. तरीही कुटुंबाने शोधावयाच्या गोष्टी याच दोन आहेत.

हृदयाचे दोष घराच्या उदाहरणाने सहज समजतात. घरात पाण्याचे नळ असतात आणि विजेच्या ताराही असतात. रक्तवाहिनीतील अडथळा हा नळाचा दोष, तर ठोक्यांची अनियमितता हा तारांचा दोष. छातीत धडधड होते म्हणून घरातील वडीलधाऱ्यांची अँजिओग्राफी केली जाते. वाहिन्या स्वच्छ निघतात आणि 'काही नाही, ताण आहे' असे समजून कुटुंब निश्चिंत होते. काही महिन्यांनी पक्षाघाताचा झटका येतो, तेव्हा उमगते की नळ तपासले, तारा तपासल्याच नाहीत! तारांचे वैद्य वेगळे असतात. हृदयरोगाचे उच्च शिक्षण घेतल्यावर केवळ लयीच्या विकारांचे विशेष प्रशिक्षण घेणाऱ्या या तज्ज्ञास इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट म्हणतात.

त्यांच्याकडे जाण्यापूर्वी बिघडलेली लय कागदावर पकडणे अगत्याचे. धडधड चालू असतानाच काढलेला इ.सी.जी. लाखमोलाचा, तो न मिळाल्यास २४ तास किंवा अधिक काळ अंगावर बाळगावयाची होल्टर तपासणी असते. या मूळ पट्ट्या जमाखर्चाच्या वहीप्रमाणे तारीखवार जपाव्यात. विकाराचे नाव ठरले की उपायाची दिशा स्पष्ट होते. ठोके फार मंदावत असतील, तर बहुधा पेसमेकर. जन्मजात जादा तारेमुळे एकाएकी वेगवान होत असतील, तर ॲब्लेशन. त्यात बहुसंख्य रुग्ण कायमचे बरे होतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा विचार प्रथम. या विकारातही ॲब्लेशन होते, मात्र काहींना ते पुन्हा करावे लागते.

कापड घेणारा ग्राहक थान उलगडून पोत पाहतो. केवळ दुकानाची पाटी पाहून पैसे मोजत नाही. रुग्णालयाच्या बाबतीतही भव्य इमारतीपेक्षा पुढील प्रश्न महत्त्वाचे: हीच प्रक्रिया हे डॉक्टर स्वतः वर्षाकाठी किती वेळा करतात? गुंतागुंत झाल्यास हृदय-शल्यचिकित्सक त्याच ठिकाणी अहोरात्र उपलब्ध आहेत काय? प्रक्रिया न केल्यास काय होईल? दुसऱ्यांदा करावी लागल्यास खर्च किती? नंतरची तपासणी कोठे होईल? असे प्रश्न विचारण्यात अनादर नाही. मोठ्या निर्णयापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यातही संकोच नसावा. खर्चाची चिंता असणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे की, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा विनामूल्य व दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत राखीव असतात. तेथील समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे.

आपल्या आचाराशी निगडित काही गोष्टी तज्ज्ञांना आपणहून सांगाव्यात. वॉरफरिन घेणाऱ्याने चातुर्मासात पालेभाजी एकदम बंद केल्यास किंवा उपवास केल्यास रक्ताचे पातळपण बदलते. म्हणून तपासणी आधी ठरवून घ्यावी. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसातून एकदाच घ्यावयाचे औषध चालेल काय, हे विचारावे. मनाने मात्रा गाळू नये. ॲब्लेशनच्या वेळी दिले जाणारे हेपरिन सामान्यतः डुकराच्या आतड्यापासून बनते आणि त्यास पर्याय मर्यादित आहेत. त्याविषयीची चर्चा व मनाचा निर्णय आधीच व्हावा.

मात्र शुद्ध हरपली, छातीत तीव्र वेदना झाल्या, तोंड वाकडे झाले वा वाचा अडखळली, तर निवडीची वेळ संपली असे समजून जवळच्या सुसज्ज रुग्णालयाकडे धाव घ्यावी. पक्षाघातात गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

'या वयात एवढा खर्च कशाला?' असे म्हणून घरातील वडीलधारी माणसे आपली धडधड लपवितात. त्यांच्या नाडीवर दोन बोटे ठेवून ठोके अनियमित आहेत काय हे पाहण्यास खर्च येत नाही. लार्सन यांना ४३ वर्षांचे आयुष्य लाभले, ते यंत्रामुळे खरे. पण त्याआधी घरातील एका माणसाने हार मानली नाही म्हणून. प्रत्येक घरात असे एक माणूस असावे, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!