धुरकऱ्याची साडेसात वर्षं

आमच्या येलदरीकडं शंकरपटाचा, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा, विषय निघाला की आधी बैलांची नावं येतात, मग मालकाचं. गाडी हाकणारा धुरकरी सगळ्यात शेवटी, तोही कुणी विचारलं तर. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे, आणि त्यासाठी जरा ब्राझीलला जाऊन यावं लागेल.

साओ पावलोचा आयर्टन सेन्ना हा मोटारींचा धुरकरीच म्हणा ना. लहानपणी वडिलांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून त्याला छोटी गाडी करून दिली होती. 25 मार्च 1984ला तो पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि 1 मे 1994ला इटलीत, इमोलाच्या शर्यतीत, अपघातात गेला. दहा वर्षांत 41 विजय, तीन जगज्जेतेपदं. देशानं तीन दिवस दुखवटा पाळला.

त्याची 1991ची, ब्राझीलमधल्या इंटरलागोसची शर्यत धुरकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. शेवटी शेवटी गिअर एकामागून एक दगा देत गेले, उरला फक्त सहावा. वळणावर वेग कमी करावा तर इंजिन बंद पडण्याची धास्ती. तशीच गाडी दामटून तो घरच्या लोकांसमोर पहिल्यांदा जिंकला, पण हात-खांदे असे आखडले की चषक वर उचलताना जीव मेटाकुटीला आला.

आपल्याकडं सगळा खेळ काही सेकंदांचा. पण सुटण्याआधीचा धुरकरी बघा. जोडी एका जागी ठरत नाही. दोघं-तिघं पुढून बैल धरून असतात, मागं हा कासरे मुठीत आवळून बसलेला. एक बैल आधी उसळला तर गाडी तिरकी पळणार, म्हणून तापट बैलाचा कासरा थोडा आखडून धरायचा, आणि पुढचे हात सुटले की त्याच क्षणी ढील द्यायची. हे कुणी शिकवत नाही. पोरसवदा वयात, अंगानं हलका असताना, दुसऱ्याच्या बैलांवर शिकायचं.

आता तारखांकडं या. 7 मे 2014ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. 2017ला राज्यानं कायदा बदलला, पण उच्च न्यायालयात तो अडकला. अखेर 16 डिसेंबर 2021ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली, आणि मे 2023मध्ये घटनापीठानं तो कायदा कायम केला. मधली वर्षं साडेसाताहून जास्त. सेन्नाच्या कारकिर्दीतून पहिल्या शर्यतीपासूनची तेवढीच वर्षं वजा करून पाहा. मोनॅकोच्या पावसातली 1984ची कमाल गेली, 1985चा पोर्तुगालमधला पहिला विजय गेला, इंटरलागोस गेलं, 1988, 1990 आणि 1991 ही तिन्ही जगज्जेतेपदं गेली.

बंदीच्या काळात बैलांच्या हालांवर बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. पराणीची आर टोचून पळवणं ही काही कला नव्हे. खिलार नि लाल कंधारीच्या किमतीवर, मालकांच्या नुकसानीवरही बोललं गेलं. पण बंदी आली तेव्हा बाविशीत असलेला धुरकरी ती उठली तेव्हा तिशीला टेकला होता. तोवर वजन वाढलं, लग्न झालं, कुणी ऊसतोडीला गेला, कुणी पुण्याला. त्याची भरपाई मागायला कुणी उभं राहिलं नाही.

आताच्या नियमांत काठी नाही, चाबूक नाही, विजेचा झटका नाही. धाव हजार मीटरच्या आत. माझ्या मते यानं खऱ्या धुरकऱ्याचं भलंच झालं. आता कासरा आणि आवाज एवढंच हातात. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात तर बायाही जोड्या हाकतात, आणि बघायला गर्दी लोटते.

तेव्हा पट भरवणाऱ्या मंडळांना एक सांगणं. निकालाची वही घालाल तेव्हा जोडी, मालक आणि वेळ यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा. धुरकऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि वय लिहा. दहा वर्षांनी कुणाला त्याची कारकीर्द सांगायची झाली, तर ती त्या वहीतूनच सांगता येईल.