फलनानंतरची पहिली घटका



 या परिषदेच्या दोन यजमान तालुक्यांपैकी पेणचे नाव गणेशमूर्तींमुळे आणि रोह्याचे धाटावच्या रासायनिक कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्याच घराण्यातले होते आणि त्यांनी १९१७ साली केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले होते, याचे स्मरण या व्यासपीठावर अस्थानी ठरू नये.

सागरी अर्चिनच्या अंड्यातील डीएनए संश्लेषण, म्हणजे आनुवंशिक द्रव्याची नक्कल तयार होणे, हा परिषदेचा विषय वरकरणी दूरचा वाटतो. परंतु गोल कवचाचा हा काटेरी प्राणी कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही आढळतो, आणि स्टोमोप्न्यूस्टिस व्हॅरिओलॅरिस ही त्याची काळपट जात खडकांच्या कपारींत राहते. अर्चिनचे फलन शरीराबाहेर, समुद्राच्या पाण्यातच होत असल्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली सहज पाहता येते, आणि म्हणूनच ऑस्कर हर्टविग यांना १८७५-७६ च्या सुमारास अंड्याचे व शुक्रपेशीचे केंद्रक एकरूप होताना याच प्राण्यात दिसले.

मात्र केंद्रकांच्या मीलनालाच सर्वस्व मानण्याची पाठ्यपुस्तकी सवय येथे उपयोगी पडत नाही. अर्चिनच्या अंड्याचे अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्म्यावर आणणारे विभाजन, अंडे बाहेर पडण्यापूर्वीच पुरे झालेले असते. नक्कल करणारी विकरेही आत साठलेली असतात, फक्त काम थोपवून धरलेले असते. शुक्रपेशीचा संयोग होताच कॅल्शियम आयनांची लाट अंडभर पसरते, मिनिटभरात अंड्याभोवती फलनावरण उचलले जाते, आणि सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर टाकले गेल्याने पेशीद्रवाचा पीएच सुमारे ०.४ ने वाढतो. शुक्रकेंद्रकातील घट्ट आवळलेला डीएनए सैल होऊन त्यावरील हिस्टोन प्रथिनांची जागा अंड्यातील हिस्टोन घेतात, आणि जात व तापमान यांनुसार साधारण घटकाभरात नक्कल सुरू होते. डॅनियल मेझिया यांनी १९७४ मध्ये दाखविले, की पेशीद्रवाचा पीएच असाच वाढविणाऱ्या अमोनियायुक्त समुद्रजलात ठेवलेल्या अफलित अंड्यांतही गुणसूत्रांची नक्कल होते. तरीही असे अंडे नीट दुभंगत नाही, कारण विभाजनाचा तर्कू उभारण्यास लागणारे सेंट्रिओल शुक्रपेशीबरोबरच येते. पित्याचा वाटा केवळ निम्म्या गुणसूत्रांपुरता नाही, ही गोष्ट वर्गात क्वचितच सांगितली जाते.

ही नाजूक साखळी पाण्यातील विषारी द्रव्यांनी चटकन तुटते, म्हणून समुद्रजलाच्या परीक्षणासाठी अर्चिनच्या फलनाची चाचणी जगभर वापरली जाते, आणि धाटावच्या कारखान्यांजवळून वाहणाऱ्या कुंडलिका नदीच्या काठी भरणाऱ्या या परिषदेला तिचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नसावी. चाचणीसाठी लागणारे अर्चिन मात्र निमखाऱ्या खाडीत तग धरीत नाहीत. तेव्हा पेणच्या मिठागरांलगत त्यांचा शोध घेणे व्यर्थ असून त्यासाठी मोकळ्या समुद्रावरील खडकच धुंडाळावे लागतील. शुक्रपेशी नमुन्याच्या पाण्यात काही वेळ ठेवायच्या, मग त्यांत अंडी मिसळायची आणि शंभरांपैकी कितींभोवती आवरण उचलले गेले ते मोजायचे, एवढ्यावर चाचणी होते. त्यासाठी लागणारा सूक्ष्मदर्शक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतोच. या अधिवेशनातील प्राध्यापकांनी रेवदंड्याजवळील कुंडलिकेच्या मुखाच्या पाण्यापासून असे परीक्षण आरंभावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे.