तिसरा फ्रेडरिक आणि जर्मनीची चुकलेली वाट

जर्मनीच्या इतिहासात १८८८ हे साल 'तीन सम्राटांचं वर्ष' म्हणून ओळखलं जातं. ९ मार्चला वृद्ध सम्राट पहिला विल्हेल्म वारला, त्याचा मुलगा तिसरा फ्रेडरिक गादीवर आला आणि १५ जूनला तोही गेला. मग सत्ता आली त्याच्या एकोणतीस वर्षांच्या मुलाकडे, दुसऱ्या विल्हेल्मकडे, ज्याच्या कारकिर्दीत जर्मनीने पहिल्या महायुद्धात पाऊल टाकलं. प्रशियाचा राजा आणि जर्मनीचा सम्राट म्हणून फ्रेडरिकला अवघे ९९ दिवस मिळाले. तो उदारमतवादी म्हणून नावाजलेला होता. म्हणून आजही अनेकांना हळहळ वाटते, की त्याला घशाचा कर्करोग झाला नसता, तर जर्मनीत इंग्लंडसारखी संसदीय राजवट रुजली असती आणि युरोपवरचा अनर्थ टळला असता. ही हळहळ प्रामाणिक आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. सगळा दोष एका मृत्यूवर टाकला, की राज्याच्या घडणीतला दोष नजरेआड होतो.

फ्रेडरिकचा चांगुलपणा खराच होता. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीशी त्याचा विवाह झाला आणि सासरे प्रिन्स अल्बर्ट यांच्या विचारांचा त्याच्यावर खोल ठसा उमटला. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच्या निर्णायक लढाईत त्याचं सैन्य वेळेवर पोहोचलं म्हणून विजय मिळाला. असा यशस्वी सेनापती असूनही १८७० च्या युद्धात पॅरिस शहरावर तोफा डागायला त्याचा विरोध होता. पुढे जर्मनीत ज्यूद्वेषाची लाट उसळली, तेव्हा त्याने तिची उघड निंदा केली. मात्र चांगुलपणा आणि राजकीय सामर्थ्य या वेगळ्या गोष्टी आहेत. १८६३ साली प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा हुकूम काढला, तेव्हा या निर्णयात आपला हात नाही, असं युवराज फ्रेडरिकने डॅन्झिगमध्ये जाहीर सांगितलं. वडील संतापले, त्यांनी गप्प राहण्याची ताकीद दिली. आणि त्यानंतर सरकारविरुद्ध इतकं उघड बोलण्याचं धाडस त्याने केलं नाही. आजारपण येण्याआधी, १८८५ मध्येच, आपण गादीवर आल्यावरही बिस्मार्कने चॅन्सेलरपदावर राहावं, हे त्याने स्वतः बोलून ठेवलं होतं.

याहून महत्त्वाचा पुरावा राज्यघटनेत आहे. १८७१ च्या घटनेप्रमाणे चॅन्सेलरची नेमणूक सम्राट करी आणि बडतर्फीही तोच करी. लोकांनी निवडलेल्या संसदेला, म्हणजे राइशस्टागला, चॅन्सेलरला खाली खेचता येत नसे. त्यामुळे उदारमतवादी लोक मतदारांपेक्षा युवराजाकडे डोळे लावून बसले. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या नव्या पक्षाला लोक युवराजाचा पक्ष म्हणू लागले. फेब्रुवारी १८८७ च्या निवडणुकीत त्या पक्षाच्या जागा जवळपास निम्म्यावर आल्या. युवराजाचा आजार किती गंभीर आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे पक्षाचा पाया खचला तो राजा मरणार म्हणून नव्हे, जनतेत मूळ धरलं नाही म्हणून.

यावर कोणी म्हणेल, की मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कसोटी लावणं अन्याय्य आहे. आक्षेप रास्त आहे. १८८८ च्या फेब्रुवारीत सान रेमो इथे श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवल्यावर त्याचा आवाज गेला होता. राज्यकारभार तो कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून करी. तशा अवस्थेतही मृत्यूच्या आठवडाभर आधी त्याने प्रशियाचा प्रतिगामी गृहमंत्री पुटकामर याला घालवलं. ही हिंमत आदरास पात्र आहे. पण याच ९९ दिवसांत राइशस्टागची मुदत तीनवरून पाच वर्षं करणाऱ्या आणि समाजवाद्यांविरुद्धचा कायदा लांबवणाऱ्या विधेयकांवर त्याला मनाविरुद्ध सही करावी लागली. दुसरा आक्षेप असा, की वीस वर्षं मिळाली असती तर त्याने घटनाच बदलली असती. कदाचित त्याने काही सवलती दिल्याही असत्या. परंतु राजाने दिलेलं राजाच परत घेऊ शकतो. वीस वर्षांनंतरही गादीवर विल्हेल्मच आला असता, आणि त्याला अडवण्याचा अधिकार जनतेच्या प्रतिनिधींकडे नसता तर शेवट फारसा वेगळा झाला नसता.

म्हणून फ्रेडरिकच्या अकाली मृत्यूबद्दल शोक करावा, पण जर्मनीचं दुर्दैव तिथे सुरू झालं असं मानू नये. ज्या देशात सरकार बदलण्यासाठी राजा बदलण्याची वाट पाहावी लागते, तिथे भला राजा आला तरी स्वातंत्र्य उसनंच राहतं. सत्ता कोणाच्या हाती आहे, यापेक्षा ती काढून घेण्याचा हक्क कोणाकडे आहे, हा प्रश्न जर्मन उदारमतवाद्यांनी आधी विचारायला हवा होता. त्याचं उत्तर राजवाड्यात मिळणारं नव्हतं, मतदारांमध्ये उभं करावं लागणार होतं.